तायडेजींची निळी पट्टी

फोन आला तेव्हा मी डेअरीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये नव्या कामगारांना हात कसे धुवायचे ते शिकवत होतो. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट... पडद्यावर चित्रं होती आणि समोर वीस-बावीस जण कंटाळून बसले होते. खिशात फोन थरथरला. मनीषाचा होता. बाहेर येऊन घेतला. "सर, पप्पा गेले. सकाळीच. चाय मागितली होती, मी बनवून आणेपर्यंत..." मागे कुणीतरी हिंदीत गादी उचलायला सांगत होतं. मी "येतो" म्हटलं. आणि मग मी काय केलं, तर परत हॉलमध्ये गेलो आणि हात धुणं शिकवून पूर्ण केलं, अगदी मनगटापर्यंत. त्यानंतर महूला निघालो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले, पण वॉश बेसिनपाशी उभा राहिलो की मला तो हॉल आठवतो.

मनीषाचे वडील, सुखदेव तायडे, आमच्या डेअरीच्या गोठ्यात म्हशींची धार काढायचे. निवृत्त होईपर्यंतची शेवटची अकरा वर्षं मात्र ते दुधाचे कॅन धूत होते. धारेवरून कॅनवर त्यांना मी पाठवलं, कारण मी त्यांना दूधचोर ठरवलं होतं. ते चोर नव्हते. हे मला कळूनही चार वर्षं होऊन गेली आणि तायडेजी असेपर्यंत मी ते कुणाजवळ बोललो नाही, त्यांच्याजवळसुद्धा नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना स्वतःबद्दल फार लिहू नये हे मला समजतं. पण त्यांच्याविषयीची माझी एकही आठवण मला वगळून सांगता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. डेअरीचं शिक्षण घेऊन सतरा वर्षांपूर्वी इंदूरला नोकरीसाठी आलो, सुदामा नगरात भाड्याने घर घेतलं. आमची डेअरी शहराबाहेर महूच्या बाजूला. एका अंगाला पत्र्याची लांब शेड, त्यात साठ-सत्तर म्हशी. दुसऱ्या अंगाला दूध तापवण्या-थंड करण्याची यंत्रं आणि पॅकिंगचा हॉल. माझं काम गुणवत्ता बघण्याचं. गोठाही माझ्याकडेच आला, कारण दुसरं कुणी तो घ्यायला तयार नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी एका म्हशीच्या मागून चाललो होतो, तेवढ्यात एका सडपातळ, खांद्यावर गमछा टाकलेल्या माणसाने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "साहेब, पिछेसे नका जाऊ. तिला दिसत नाही तुम्ही कोण आहात. ती लात मारणार, मग तुम्ही तिच्यावर रिपोर्ट लिहिणार." बाकीचे धार काढणारे हसले. मीही हसलो. रिपोर्ट लिहायची माझी सवय आठवड्याभरातच गोठ्यापर्यंत पोचली होती.

तेच तायडेजी. आमच्याशी मराठी आणि हिंदी एकात एक गुंतवून बोलायचे, म्हशींशी मात्र शुद्ध माळवी. धार काढताना उकिडवे बसून कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवायचे आणि काहीतरी पुटपुटत राहायचे. मी एकदा विचारलं, काय बोलता तिच्याशी? म्हणाले, "काही नाही, घरचं सांगतो. तिला पण कंटाळा येतो ना एकच एक पत्रा बघून." त्यांचे आजोबा महूच्या छावणीत फौजेच्या खेचरांवर होते. तिथला एक नियम आजोबांनी घरात आणला होता आणि तो तीन पिढ्या टिकला: आधी जनावराचं पाणी, मग आपला चहा. मी कधी सकाळी चहाचा कप पुढे केला तर तायडेजी हात वर करून थांबवायचे. "रुका साहेब. अभी हौद भरला नाही." हौद काठोकाठ भरला, पहिल्या म्हशीने तोंड बुडवलं, की मगच ते कप हातात घ्यायचे. तोवर चहा गार झालेला असे. त्याची त्यांना तक्रार नव्हती.

त्या काळी आमच्या गोठ्यात, आणि आसपासच्या बऱ्याच गोठ्यांत, एक रीत होती. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून रेडकाला क्षणभर कासेला लावायचं आणि चार घोट घेतले की ओढून बाजूला बांधायचं. मादी असेल तर तिला पुढे काही ना काही मिळायचं, कारण ती उद्याची म्हैस. नर असेल तर त्याला कुणी मारत नसे, फक्त जगवतही नसे. तीन-चार आठवड्यांत ते आपोआप जायचं. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते आईसमोर उभं करायचे. ती ते चाटायची आणि दूध सोडायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. तीन महिन्यांनी मी असाच धारेच्या वेळी गोठ्यात आलो, डोक्यावरची जाळीची टोपी काढली आणि कुणाशी तरी बोलता बोलता त्या पेंढ्याच्या रेडकाच्या डोक्यावर अडकवली, खुंटीला अडकवावी तशी. तायडेजी धार काढत होते. ते उठले, हात पुसले, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि पुन्हा जाऊन बसले. "म्हैस बघते आहे, साहेब," एवढंच म्हणाले. माणूस तीन महिन्यांत कुठून कुठे येतो, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मला फक्त राग आला होता, चारचौघांत टोपी हातात दिल्याचा.

त्यांची मुलगी मनीषा आमच्याच पॅकिंग हॉलमध्ये कामाला होती. तिचा नवरा पीथमपूरला एका कारखान्यात. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि ती कामावर परतली. तेव्हा तायडेजींचं कुटुंब डेअरीच्या मागच्या क्वार्टरमध्येच राहायचं, बाळ तिथे आजीकडे, म्हणजे तायडेकाकूंकडे असे. हॉलपासून फार तर दोनशे पावलं. एका सकाळी मला मनीषाचा निळा एप्रन छातीपाशी ओला दिसला. मी सगळ्या लाइनसमोर म्हटलं, "ओला एप्रन चालत नाही. बदलून ये. स्वच्छतेत कुणाला सवलत नाही." शेजारच्या बायकांनी माना खाली घातल्या. बाळाची वेळ झाली होती आणि तिला पान्हा आला होता. मी दोन मुलींचा बाप आहे. खरं सांगायचं तर मला एका क्षणात सगळं समजलं होतं, आणि तरी मी तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हणून झालं होतं.

त्याच दुपारी तायडेजी माझ्या ऑफिसात आले. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

"साहेब, पोरीला पंधरा मिनट द्या. दिवसातून दोन वेळा. बच्चा पिऊन घेईल."

"तायडेजी, हॉलमधून बाहेर गेलं की कपडे बदला, हात धुवा, परत या... लाइन थांबते. आणि एकीला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल."

"मग सगळ्यांना द्या ना."

मला हसू आलं. एखाद्याने फार भोळं काही बोलल्यावर येतं तसं. ते दारापर्यंत गेले, तिथे थांबून म्हणाले, "म्हणजे इकडे पण तेच आहे." मी विचारलं, काय तेच? "कुछ नहीं, साहेब." आणि गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोठ्यातल्या खांबांना निळ्या कापडाच्या पट्ट्या दिसायला लागल्या. आमच्या गोठ्यात प्रत्येक म्हशीच्या मागे दोन लाकडी खांब आहेत, एक डावा, एक उजवा. पट्टी कधी या खांबाला असायची, कधी त्या. कधी वर, कधी खाली. हे मी आता आठवून सांगतोय. तेव्हा मला फक्त रंग दिसला. एप्रिलमधली जयंती होऊन गेली होती. महूला तेव्हा लांबलांबून माणसं येतात, सगळीकडे निळे झेंडे असतात. तायडेजी सुटी घेऊन आलेल्यांना पाणी वाटायला जायचे हे मला माहीत होतं. मी त्यांना बोलावून म्हटलं, "जयंती होऊन महिना झाला. आता काढून टाका त्या. गोठ्यात हे नको." 'हे' म्हणजे काय, ते मी बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही. तायडेजींचे ओठ काही बोलण्यासाठी हलले, मग त्यांनी मान डोलावली. एकेक गाठ सोडवून, प्रत्येक पट्टीची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. मी जातपात मानत नाही असं मी त्या काळी सहज सांगायचो. आजही कुणी विचारलं तर तोंडातून तेच निघतं, पण आता म्हणताना मध्येच अडखळायला होतं.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. "साहेब, ज्यांना छोटे बच्चे आहेत त्या सगळ्या म्हशी माझ्या रांगेत द्या. मी संभाळतो." नुकत्या व्यालेल्या म्हशी सांभाळायला अवघड, कुणी स्वतःहून मागतंय म्हटल्यावर मी खूश झालो. पण पुढच्या काही आठवड्यांत असं दिसायला लागलं की धार काढणाऱ्या बाकीच्या तिघांच्या रांगेतलं दूध थोडं वाढलंय आणि तायडेजींच्या रांगेतलं चांगलंच घटलंय. मी म्हशींचा चारा बदलून पाहिला, डॉक्टर बोलावले. म्हशी ठणठणीत होत्या. मग माझं मन एकाच दिशेने धावायला लागलं. क्वार्टर मागेच आहे, घरात तान्हं मूल आहे, मी पंधरा मिनिटं नाकारली त्याचा राग आहे... सगळं कसं नीट जुळत होतं.

एका सकाळी धार संपल्यावर मी चौघांनाही उभं केलं. पण डबा उघडायला फक्त तायडेजींना सांगितलं. त्यांनी खाली बसून डब्याची झाकणं काढली. आत दोन पोळ्या, कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. त्यांच्या शेजारी गोपाल उभा होता, त्यांच्या हाताखाली धार काढायला शिकलेला. त्याने आपला डबा पुढे केला. "साब, मेरा भी देख लो." मी म्हटलं, गरज नाही. ते 'गरज नाही' माझ्या कानात अजून आहे. डब्यात दूध सापडलं नाही तरी मी रिपोर्ट लिहिला. मालकांनी न वाचता सही केली आणि तायडेजींना कॅन धुण्याच्या जागी पाठवलं. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी चोरी केली नाही. फक्त विचारलं, "माझ्या रांगेत कोण बसणार?" मी सांगितलं, गोपाल. "गोपालला जरा समजावून सांगू का? दोन मिनट." मी म्हटलं, धार काढण्यात समजावण्यासारखं काय आहे? आणि पुढचे दोन आठवडे मी स्वतः गोपालच्या मागे उभा राहिलो, शेवटच्या थेंबापर्यंत.

दूध वाढलं. मी रिपोर्टच्या खाली एक ओळ जोडली: चोरी थांबली. पुढच्या दोन महिन्यांत पाच रेडकं गेली. गोठ्याच्या दाराशी एक काळा फळा असायचा, त्यावर रोजचं दूध आणि जन्म-मृत्यू लिहायचे. वाढलेलं दूध आणि मेलेली रेडकं मीच लिहिली होती, एकाच खडूने, शेजारी शेजारी. मला त्या दोन आकड्यांमध्ये काही दिसलं नाही.

वर्षं गेली. गोठा बदलला. पंखे आले, म्हशींच्या पायाखाली रबरी गाद्या आल्या, पेंढा भरलेली रेडकं बंद झाली. मग एका मोठ्या शहरातल्या दुकानदारांना आमचं दूध हवं होतं, पण त्यांची एक लांबलचक प्रश्नावली होती. रेडकांना आईचं दूध मिळतं का? अंगावर पाजणाऱ्या कामगार महिलांसाठी काय सोय आहे? हे दोन प्रश्न एकाच पानावर, खाली-वर होते. मी गोठ्यात जाऊन गोपालला विचारलं, रेडकांना पुरेसं दूध ठेवायचं, पण कासही दुखावली जाऊ नये, असं काही करता येईल का? तो चकित होऊन माझ्याकडे बघायला लागला. "साब, ये तो तायडेजी वाला तरीका है. चौथा थन बच्चे का. तीन का दूध निकालो, एक छोड़ दो. रोज अलग थन, नहीं तो वो सूज जाता है. और कौन सा छोड़ना है, वो पट्टी से मालूम पड़ता था ना. डावा खंभा तो डावी बाजू, ऊपर बाँधी तो आगे का, नीचे तो पीछे का." मी विचारलं, कोणती पट्टी? "अरे, वो नीली. आपने ही तो निकलवाई थी." मग त्याने पुढचंही सांगितलं. पट्टी होती तोवर चौघेही एकेक सड सोडायचे आणि घट चौघांत विभागली जायची, कुणाच्या नजरेत येत नसे. पट्ट्या गेल्यावर कुठल्या म्हशीचा कोणता सड हे चौघांना ध्यानात ठेवता येईना. ते फक्त तायडेजींना जमायचं, म्हणून त्यांनी सगळ्या लेकुरवाळ्या म्हशी स्वतःकडे मागून घेतल्या. सगळी घट त्यांच्या एकट्याच्या नावावर आली.

त्या दिवशी कॅन धुण्याची जागा माझ्यापासून तीस पावलांवर होती. पाण्याचा आवाज येत होता. मी तिकडे गेलो नाही. ऑफिसात गेलो आणि प्रश्नावलीचं उत्तर लिहिलं. आमच्याकडे प्रत्येक म्हशीचा चौथा सड रेडकासाठी राखला जातो... ही कल्पना कुणाची, अशी एक जागा त्या कागदात होती. तिथे मी माझं नाव घातलं. दुकानदार खूश झाले. दुधाच्या पिशवीवर ओळ छापून आली, 'चौथा वाटा रेडकाचा', तीही माझीच. मालकांनी सगळ्यांना जमवून माझी पाठ थोपटली. तायडेजी मागच्या ओळीत रबरी हातमोजे हातात घेऊन उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. त्याच दिवशी हॉलशेजारी बाळांना पाजण्यासाठी एक खोलीही उघडली. फीत कापायला मनीषाला बोलावलं, कारण ती सगळ्यांत जुनी. ती कात्री हातात घेऊन हसली. "सर, आता तर माझा चिकू चौथीत गेला." सगळे हसले.

दोन-चार दिवसांनी तायडेजी छापलेली रिकामी पिशवी हातात घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी ती उन्हात धरली, ओळ एकदा वाचली आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंय, साहेब." मी थँक्यू म्हणालो. टोमणा होता की खरंच म्हणाले, ते मला अजून सांगता येत नाही. मी थँक्यू म्हणालो, एवढं मात्र नक्की.

आणखी एक सांगितलं पाहिजे. पिशवीवर जे छापलंय ते गोठ्यात रोज घडत होतं असंही नाही. मी प्लास्टिकच्या पाट्या करून घेतल्या होत्या, त्यावर कासेचं चित्र आणि रोज सरकवायचा एक बाण. त्या म्हशींच्या समोर टांगल्या, म्हणजे पाहुण्यांना नीट दिसाव्यात. म्हशींनी त्या महिन्याभरात चघळून टाकल्या. नंतर ज्याला आठवेल तो सड सोडायचा, पाहुणे यायचे असले की सगळेच सोडायचे. मला हे माहीत होतं. पिशवी छापली जात होती.

तायडेजी दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन महूला आपल्या घरी गेले. मग किडनीचं दुखणं निघालं. जाण्याच्या पंधरा दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो, मनाशी ठरवून गेलो होतो. खिडकीजवळच्या पलंगावर होते, हात सुजलेले. मला बघून काकूंना हाक मारली, "मनीषाची मम्मी, साहेबांना चाय! आपल्याच डेअरीचं दूध आहे साहेब, घाबरू नका." मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "तायडेजी, ती निळी पट्टी..."

"हां. तुम्हाला झेंडा वाटला ना?" ते हसायला लागले, हसता हसता खोकला आला. "साहेब, नीला तर आपल्या कंपनीचा एप्रन होता. मनीषाचा. तुम्ही बदलायला लावला ना, तोच. मम्मीने धुऊन ठेवला, पण पोरीने पुन्हा अंगाला लावला नाही. मग मी कापला. बढिया कपडा होता."

मी विचारलं, "तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? ईमानसे बोला."

मी इमानाने विचार केला. मी नियम काढला असता. चारही सड पूर्ण काढावेत, हयगय करणाऱ्यावर कारवाई होईल. खाली माझी सही.

माझा चेहरा बघून त्यांनी मान हलवली. "म्हणून. मला चोर म्हटलं, मला हटवलं, खतम. बाकीचे लोक मौका मिळेल तसा सोडत राहिले ना. कमी सोडला, पण सोडला. नियम निघाला असता तर तेपण बंद."

मी "तायडेजी, मला माफ..." म्हणालो आणि तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "पहिले चाय प्या, गरम आहे," ते म्हणाले. मी प्यायलो. काकू तिथेच बसल्या, औषधांचं बोलणं निघालं, मनीषाच्या मुलाच्या शाळेचं निघालं. ते अर्धं वाक्य तसंच राहिलं. वाटलं, पुढच्या खेपेला नीट बोलू. मी निघताना त्यांनीच मागून आवाज दिला. "साहेब, गोपाल म्हणत होता, पाट्या म्हशी खातात. समोर टांगल्या तर खाणारच ना! पिछे बांधा, धारवाला बसतो तिथे. आणि कपडा बांधा. त्याला गाठ मारता येते."

पुढची खेप आली ती फोननंतर. त्यांच्या वस्तीतल्या विहारात शोकसभा झाली. डेअरीतलेही पुष्कळ जण आले होते. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, मनात वाक्य तयार होतं. बाहेर पडलं ते असं की तायडेजी फार कष्टाळू आणि प्रामाणिक होते. 'प्रामाणिक' म्हटल्यावर खाली बघत बसलेल्या गोपालने मान वर केली आणि तो वाट बघत राहिला. मी हात जोडून नमस्कार केला आणि खाली बसलो. निघताना काकू म्हणाल्या, "साहेब, जेवून जा." मी जेवलो.

गेल्या आठवड्यात मी एकटाच पुन्हा त्यांच्या घरी गेलो आणि काकूंना त्या एप्रनचं विचारलं. त्यांनी शिलाई मशीनच्या खणातून काढून दिला. वरचा भाग आणि बंद शिल्लक होते. खालून कापत कापत वर आलेला, प्रत्येक काप दोरीने आखल्यासारखा सरळ. तो हातात घेऊन उभ्याउभ्या मी त्यांना सगळं सांगितलं. डबा, रिपोर्ट, प्रश्नावलीवरचं नाव, पिशवीवरची ओळ. त्यांनी मध्ये अडवलं नाही. झाल्यावर म्हणाल्या, "मला माहीत आहे, साहेब. एकाच घरात तर राहत होतो आम्ही." मग मशीनचा खण बंद करून, "मला सांगून काय होणार? मनीषाला सांगा. अकेलीला नका सांगू. पप्पाला चोर म्हणाले ते तिने हॉलमध्ये ऐकलंय, सगळ्यांच्या मध्ये उभं राहून."

सोमवारी दुपारी पाळी बदलते तेव्हा हॉलमध्ये दोन्ही पाळ्यांच्या बायका असतात. मी गोठ्यातल्यांनाही बोलावलं. एप्रन हातात होता. मी म्हणालो, "तायडेजी चोर नव्हते. तो रिपोर्ट मी लिहिला होता आणि तो खोटा होता. पिशवीवरची ओळ ज्या रीतीची आहे ती रीत त्यांची आहे, माझी नाही. मालकांना मी लेखी दिलं आहे. आणि मनीषा, त्या दिवशी तुझा एप्रन..." मागून गोपाल म्हणाला, "साब, हमको तो सब मालूम था. आपके मुँह से सुनना था." मनीषा यंत्राजवळ उभी होती. तिने डोळे पुसले नाहीत, कारण हातात मोजे होते. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "सर, लाइन रुकली आहे." बायका आपापल्या जागी गेल्या.

आता गोठ्यात मागच्या खांबांना निळ्या पट्ट्या आहेत. गोपाल रोज सकाळी त्या सोडून दुसऱ्या जागी बांधतो. त्या उरलेल्या एप्रनमधून काही सगळ्या म्हशींना पुरतील एवढ्या निघाल्या नाहीत. बुधवारी माझ्या टेबलावर एक जुना एप्रन घडी करून ठेवलेला होता, धुतलेला. कुणी ठेवला ते मी विचारलं नाही, आत गळ्याच्या पट्टीवर मनीषाचा कामगार नंबर होता. मी हल्ली लवकर पोचतो. हौद भरेपर्यंत चहा घेत नाही, कप हातात धरून उभा राहतो आणि रांगेवरून नजर टाकतो. आज पहिल्या म्हशीची पट्टी उजव्या खांबाला, खाली होती. उजवा, मागचा. रेडकू आधीच तिथे पोचलं होतं.